कोळीवाड्यातलं जुनं घर : विकू नये असं वाटतंय, पण मग करू काय?

पडवीतला | ९ नोव्हेंबर, रात्री ११.४०

मंडळी, सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे. पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

श्रीवर्धन तालुक्यात अगदी समुद्राला लागून आमचं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. घराला अकरा वारस आहेत आणि त्यातले निदान तिघं इथे वाचतात. (वाचत असाल तर नमस्कार.)

घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे लांबलचक पडवी, मग मधलं घर, मागे चूल आणि परस. वर माळा, तो माणसांसाठी नव्हताच, जाळ्यांसाठी होता. आजोबा नाखवा होते, दोन होड्या होत्या. वडील नोकरीसाठी डोंबिवलीला आले आणि आमच्या शाखेचा दर्याशी संबंध संपला. गावी जायचं ते शिमग्याला आणि नारळी पौर्णिमेला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि अख्खं छप्पर घेऊन गेलं. आडं तेवढं राहिलं. त्यानंतर निळी ताडपत्री, मग पत्रे, मग कुलूप. मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला की पुण्याची एक पार्टी आहे, समुद्र दिसतो म्हणून भाव चांगला देतेय, पाडून व्हिला बांधणार. अकरापैकी तिघं तयार आहेत, चौघं 'तुम्ही ठरवाल ते', बाकीचे फोन उचलत नाहीत.

मी कुलूप उघडून आत गेलो. माळ्यावर आजोबांचं सुती जाळं सापडलं, गडद तपकिरी. हातात घेतलं तर काही ठिकाणी पापडासारखं तुटलं. बांबूच्या दोन सुया, शिशाची वजनं, एक फुटका कंदील, आणि भिंतीवर कोळशाने लिहिलेला हिशेब. कुणाला किती पाट्या दिल्या त्याचा असावा. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे की इथे काहीतरी उभं करावं. जुने फोटो, जाळी, गावातल्या बायकांची गाणी, पोरांसाठी वाचायची खोली, वर्षातून एखादा कार्यक्रम. सांस्कृतिक केंद्र म्हणा, संग्रहालय म्हणा.

पैसा फार नाही. कुणी असं काही केलंय का? कुठून सुरुवात करू?

---

तांबडा रस्सा | १० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

जबरी कल्पना! पडवीत छोटं कॅफे टाका, सोलकढी आणि कोळंबीचं लोणचं. मागे दोन खोल्या पाहुण्यांना द्या. दिवेआगर-श्रीवर्धनला शनिवार-रविवार तोबा गर्दी असते. घर स्वतःचा खर्च स्वतः काढेल. फक्त सुकवलेल्या मासळीच्या वासाचं काहीतरी बघा, शहरातल्यांना तो झेपत नाही.

---

म्हावरेवाली | १० नोव्हेंबर, सकाळी ९.३२

तांबडा रस्सा दादा, तो वास म्हणजेच गाव आहे हो. वासाचं 'काहीतरी बघायचं' तर वलांड्या, म्हणजे बोंबील सुकवायच्या मांडण्या, उठवाव्या लागतील. त्या उठल्या की बोंबील गेला, आणि बोंबील गेला की आमच्या बायकांचा पावसाळ्याचा पैसा गेला. मग कॅफेत कोळी संस्कृतीचे फोटो लावा, बघायला माणसं येतील.

पडवीतला, तुमचा हेतू चांगला आहे म्हणून विचारते, राग मानू नका. घर बंद होतं त्या वर्षांत तुमच्या पडवीत कोण बसत होतं? कोळीवाड्यात पडवी रिकामी राहत नाही. कुणीतरी जवळा निवडत असेल, कुणी जाळं शिवत असेल. आधी त्यांना विचारलंत का?

---

पडवीतला | १० नोव्हेंबर, दुपारी १.१५

ताई, नाही विचारलं. खरं सांगायचं तर मी गेलो तेव्हा पडवीत दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि मला पाहून उठून गेल्या. मला वाटलं, मान दिला. आता वाटतंय की मी त्यांना उठवलं.

---

कारकून (निवृत्त) | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.५०

महसुलात नोकरी झाली आहे म्हणून लिहितो. स्वप्नं नंतर, कागद आधी.

घर गावठाणात असेल तर सातबारा शोधत बसू नका, तो मिळायचा नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा मिळेल. त्याला बरेच जण ८-अ म्हणतात. ८-अ हा तलाठ्याकडचा, शेतजमिनीच्या खात्याचा. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा. आणि नमुना ८ वर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, पट्टी कोण भरतो एवढंच कळतं. ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली त्यात तुमचं गाव आलं असेल तर मिळकत पत्रिका निघाली असेल. ती भूमी अभिलेखात जाऊन बघा. तिच्यावर पणजोबांचंच नाव असलं तर पहिलं काम वारस नोंद.

अकरा जणांची तोंडी संमती म्हणजे काही नाही. ज्यांना नको आहे त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. ज्यांना हिस्सा सोडायचा नाही पण वापराला हरकत नाही त्यांच्याशी लेखी करार करा, त्यात मुदत घाला. आज 'दादा तू कर' म्हणणारा भाऊ छप्पर चढल्यावर हिस्सा मागायला येतो. पस्तीस वर्षं हेच पाहिलं.

दुसरं, किनारा नियमन क्षेत्र. भरतीरेषेपासून घर किती अंतरावर आहे? २०१९ ची अधिसूचना वाचा. ग्रामीण भागात ना-विकास पट्टा दाट वस्तीत ५० मीटर, एरवी २०० मीटर. पण त्या पट्ट्यातही जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते. अट अशी की जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र वाढता कामा नये. स्थानिकांना आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवायलाही मुभा आहे, तेही जोतं आणि दर्शनी भाग न बदलता. पुण्याची पार्टी व्हिला कसा बांधणार, हे तुमच्या तीन भावांना जरा विचारायला सांगा.

---

तांबडा रस्सा | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ७.२२

काका, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

म्हावरेवाली, मुद्दा मान्य. वासाबद्दलचे शब्द मागे घेतो. सोलकढीबद्दलचे नाही.

---

चुनखडी | ११ नोव्हेंबर, रात्री १२.१०

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. दोन प्रश्न. भिंतींना सध्या गिलावा कसला आहे? आणि पत्र्याखालचे वासे कुठल्या लाकडाचे?

---

पडवीतला | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

वासे ऐनाचे आहेत असं गावातला सुतार म्हणाला, दोन-तीन किंजळाचे.

गिलाव्याचं सांगायला लाज वाटते. वादळानंतर एका ठेकेदाराने 'एकदाच पक्कं करून टाकू' म्हणून आतून-बाहेरून सिमेंट मारलं. तीन पावसाळ्यांत त्याचे पोपडे सुटले. आतून चिरा हाताने खरवडला तरी भुगा पडतो आणि पांढरं पीठ येतं.

---

चुनखडी | ११ नोव्हेंबर, रात्री १०.३०

वाटलंच होतं. त्या पांढऱ्याला लोणा म्हणतात.

चिरा सच्छिद्र दगड आहे. जमिनीतलं पाणी तो शोषतो, समुद्राजवळ त्या पाण्यात क्षार असतात. चुन्याचा गिलावा असला तर ओल त्यातून बाहेर पडते, क्षार गिलाव्यात साठतात आणि वीस-पंचवीस वर्षांनी गिलावा खराब होतो. तो काढायचा, नवा करायचा. म्हणजे गिलावा मरतो आणि भिंत जगते. सिमेंटने तुम्ही ओलीचं तोंड बांधलंत. आता ती चिऱ्याच्या आतच सुकते, क्षारांचे खडे तिथेच फुगतात आणि दगडाचा भुगा करतात.

उपाय असा की सगळं सिमेंट उतरवा. हलक्या हाताने, छिन्नीने, यंत्र लावू नका. मग भिंत उघडी ठेवून एक अख्खा उन्हाळा सुकू द्या. 'लगेच चुना मारतो' म्हणणाऱ्याला परत पाठवा. चुना कळीचा आणा, घरीच भिजवून निदान महिनाभर मुरवा. गूळ, बेलफळ, हिरडा घालायची रीत जुनी आहे, पण गावात कुणी म्हातारा गवंडी असेल तर त्याचं प्रमाण ऐका, माझं नको. किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भाजून चुना करायचे. तुमच्या भिंतीच्या सांध्यांतला जुना चुना चुरून बघा, शिंपल्यांचे तुकडे दिसतील.

वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावा, वाळवी लांब राहते. हातमोजे घालून. कातडी भाजते, अनुभव आहे.

आणि पत्रे काढा. पावसात त्या आवाजात कोण कार्यक्रम ऐकणार?

---

ओसाकावासी | १३ नोव्हेंबर, पहाटे ४.२०

धागा आवडला म्हणून झोप मोडून लिहितोय. इथून, म्हणजे जपानमधल्या ओसाकाहून, काही तासांवर नाओशिमा नावाचं बेट आहे. वस्ती तीनेक हजार. एका बाजूला जुना धातू कारखाना, बाकी मासेमारी. तिथल्या होनमुरा या जुन्या बंदरवस्तीत रिकामी पडलेली घरं कलावंतांना देण्याचा प्रकल्प १९९८ साली सुरू झाला. पहिलं घर 'कादोया', सुमारे दोनशे वर्षांचं.

बाहेरून साधं कौलारू घर. आत गेलं की अंधार, आणि जमिनीच्या जागी पाणी. पाण्याखाली लाल-हिरवे आकडे एक ते नऊ मोजत असतात, प्रत्येक आपापल्या गतीने. तात्सुओ मियाजिमा या कलावंताची ही कलाकृती. असे १२५ आकडे आहेत, आणि प्रत्येकाची गती बेटावरच्या एकेका माणसाने ठरवली आहे, पाच वर्षांच्या पोरापासून पंच्याण्णव वर्षांच्या वृद्धांपर्यंत. मी गेलो तेव्हा दारावरच्या आजी आम्हाला कलेबद्दल काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यातल्या एका संथ आकड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, तो शेजारणीचा.

पण गैरसमज नको. यामागे एका मोठ्या प्रकाशन कंपनीचा पैसा आहे, तादाओ आंदोसारखे वास्तुरचनाकार आहेत. तुमच्याकडे यातलं काही नाही. घेण्यासारखं एवढंच की आत काय ठेवायचं त्यात गावाचा हात होता.

---

खाडीपलीकडे | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.००

इतकं लांब कशाला? ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यात पराग तांडेल आणि कादंबरी कोळी या कलावंत जोडप्याने 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्हज' सुरू केलंय. कोळी समाजाचंच संग्रहालय, पण मोठ्या इमारतीत बसवलेलं नाही, फिरतं. जमेल तिथे मांडायचं, माणसांशी बोलायचं. आणि करणारे स्वतः कोळी. खाडी मेली, मासेमारी जवळपास संपली, तरी किंवा म्हणूनच. आधी त्यांचं काम बघून या.

आणखी एक, वस्तू गोळा करायच्या नादाला लागू नका. वस्तू कुणीही देतो. पुढे त्यांना कसर लागते, आणि देणाऱ्याचा नातू येऊन विचारतो, आमच्या आजीचा हंडा कुठाय. वही करा, कुणाची वस्तू, दिली की ठेवायला दिली, सही किंवा अंगठा.

---

म्हावरेवाली | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.४१

ते तपकिरी जाळं टाकू नका हो! सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे, कुजू नयेत म्हणून. रंग त्याचा आहे. नायलॉन आलं आणि ते काम बंद झालं. माझ्या आजीच्या हातांना तो रंग कायमचा होता. आजोबांचं जाळं कुठलं आहे बघा, डोल (पिशवीसारखं जाळं) असेल तर एका टोकाला आस, म्हणजे जाळ्याची भोकं, लहान होत जातात.

---

पडवीतला | १७ नोव्हेंबर, रात्री ९.३०

सर्वांचे आभार. काकांच्या सल्ल्याप्रमाणे कागदांपासून सुरुवात केली. किनारा नियमनाचा मुद्दा भावांच्या ग्रुपवर टाकला, पुण्याची पार्टी चार दिवस झाले गप्प आहे. ताई, जाळं डोलच निघालं.

परत गेलो आणि त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकीकडे बसलो. नात्याने चुलत आजी लागते. सगळी योजना सांगितली, फोटो, माहितीचे फलक, वगैरे. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "लोका बघाला येतील ते ठीक हाय. मंग आमी जालां घेऊन कुठं बसाचा?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

---

कारकून (निवृत्त) | १८ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

उत्तर सोपं आहे. पडवी त्यांची. करारात लिहून टाका.

---

*(पुढचे प्रतिसाद जूनमधले)*

---

पडवीतला | २१ जून, रात्री १०.०५

धागा वर आणतोय. सात महिन्यांत काय झालं ते लिहायचं राहून गेलं. लांबेल, चहा घेऊन बसा.

कागद : आठ जणांनी हक्कसोड दिलं, दोघांनी दहा वर्षांच्या वापराचा करार केला. अकरावा मी. संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याने निदान सात माणसं लागतात. सातपैकी पाच गावातली आहेत, त्यांतल्या तीन बायका. धर्मादाय कार्यालयात अर्ज दिलाय. नावावरून दोन बैठका वाया गेल्या. मी सुचवलेली सगळी नावं त्यांना 'डोंबिवलीची' वाटली.

भिंती : सिमेंट उतरवायला एकवीस दिवस लागले. त्याखाली कोळशाच्या हिशेबाचा आणखी भाग निघाला. ठेकेदाराने त्याच्यावरच गिलावा मारला होता, तरी आकडे काही ठिकाणी वाचता येतात. तेवढा चौकोन तसाच ठेवलाय. भिंती मेअखेरपर्यंत उघड्या होत्या. चुना मुरत ठेवलाय, दिवाळीनंतर काम. चुनखडीताई, सांध्यांत शिंपल्यांचे तुकडे मिळाले, तुम्ही म्हणालात तसेच.

छप्पर : हे मला सगळ्यात आवडलेलं. नवी कौलं परवडत नव्हती. म्हावरेवाली ताईंनी व्यनित (खासगी निरोपात) सुचवलं की वादळानंतर सगळ्या गावाने पत्रे घातले, मग वाचलेली कौलं गेली कुठे? परसात! प्रत्येकाच्या परसात कौलांचा ढीग, कोंबड्यांची खुराडी नाहीतर अळवाचे वाफे त्यांनी बांधलेले. घरोघर फिरलो. कुणी वीस दिली, कुणी दोनशे. एका काकांनी पैसे मागितले, तेही योग्यच. पोरांनी धुतली, टिचकी मारून आवाज बघितला, खणखणीत वाजलं ते घ्यायचं, बद्द वाजलं ते बाजूला. आता छपरावर पाच-सहा कारखान्यांची कौलं आहेत. मापं जुळेनात म्हणून सुताराने रिपा तीनदा हलवल्या आणि मला अशा शिव्या घातल्या की त्यांचं वेगळं दालन करता येईल. एका कौलाखाली बासेल मिशनचा ठसा आहे.

---

चुनखडी | २१ जून, रात्री १०.४८

ते कौल वर चढवलंत?? उतरवा आणि आत ठेवा. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पुढे कारभार दुसऱ्या कंपनीकडे गेला. म्हणजे ठसा खरा असेल तर कौल बहुधा शंभरी ओलांडलेलं आहे.

---

पडवीतला | २१ जून, रात्री ११.०२

सुतार म्हणतो, शंभर वर्षं पावसात टिकलं ते आता घरात बसून काय करणार. वरच आहे. ☺

आता धवल्याचं, म्हणजे लग्नातल्या विधींच्या गाण्यांचं, सांगतो. गावात एकच धवलारीण उरली आहे, ऐंशीच्या पुढची. लग्नातले विधी ती गाऊन लावते, भटजी नंतर. मला तिचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. फेब्रुवारीत चांगला मायक्रोफोन भाड्याने घेऊन गेलो, मधल्या घरात सतरंजी टाकली, पंखा बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या. ती आली, बसली, पाणी प्याली आणि विचारलं, "लगीन कोनाचा?"

म्हटलं, लग्न नाही, तुमचं गाणं जपून ठेवायचंय. म्हणाली, नवरी नाय त धवला कोनाला गाऊ, भिंतींना? आणि चहा घेऊन निघून गेली. मायक्रोफोनचं भाडं बाराशे.

मे महिन्यात पलीकडच्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्या दारात जागा कमी म्हणून हळदीला आमचं घर मागितलं. गिलावा नाही, अर्धं छप्पर उघडं, मी म्हटलं अजून तयार नाही. तिची आई म्हणाली, आम्हाला कुठे फोटो काढायचेत. दिलं. धवलारीण आली, कुणी न सांगता मधल्या खांबाला टेकून बसली आणि रात्री साडेनऊ ते पहाटेपर्यंत गायली. पंखा चालू, मागे मिक्सर, पोरं रडतायत, बाहेर बँजोवाले तालीम करतायत. मी मोबाइल तिच्याजवळच्या कोनाड्यात ठेवला होता. चार तासांनी बॅटरी संपली.

आत्ताची स्थिती : १ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. होड्या शाकारल्यात. पडवीत आज सात जाळी होती. फलक एकही लागलेला नाही, फोटो डब्यात आहेत. आजोबांचं सुती जाळं मधल्या घरात लाकडी दांड्यावर सैल टाकून ठेवलंय. शिवता शिवता कुणी उठून आत येतं, त्याचे आस बोटांनी मोजतं आणि परत जाऊन बसतं. पोरांची पुस्तकं कोनाड्यात ठेवली, त्यातलं एक गायब आहे, ही चांगली गोष्ट समजतोय. किल्ली चुलत आजीकडे आहे. मी परवा गेलो तर मलाच तिच्याकडे मागावी लागली, आणि ती बाजारात गेली होती.

---

तांबडा रस्सा | २२ जून, सकाळी ७.५०

मग ती येईपर्यंत काय केलंत?

---

पडवीतला | २२ जून, सकाळी ८.१२

पडवीत बसलो. त्यांनी सुई हातात दिली. मी घातलेल्या गाठी नंतर उसवल्या म्हणे.

---

ओसाकावासी | २२ जून, दुपारी ४.३३

चार तासांचं धवल्याचं रेकॉर्डिंग! इथे टाकाल का? मिक्सरसकट चालेल.

---

पडवीतला | २२ जून, रात्री ९.१७

धवलारणीला विचारलं. ती म्हणाली, मला काय विचारतोस, लगीन तिच्या पोरीचं होतं, तिच्या आईला विचार. आई ऑगस्टपर्यंत माहेरी आहे. आली की विचारतो.